कपबशीचं बटण

वडशाजवळच्या एका गावात ग्रामपंचायतीच्या एका जागेसाठी पोटनिवडणूक लागली. हर्षा मेश्राम तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. तिची आई सरिता उभी राहिली, चिन्ह छत्री. समोर सीताबाई, त्यांची कपबशी.

शेजारचे लालसूबाबा दोन्ही डोळ्यांनी आंधळे. मुलगा मिरची तोडायला तेलंगणात गेलेला. मतदानाच्या सकाळी त्यांनी हर्षालाच हाक मारली, "मले घेऊन चाल, बाई."

केंद्रावर सीताबाईंच्या माणसानं हरकत घेतली. उमेदवाराचीच पोरगी सोबत कशी? केंद्राध्यक्षांनी समजावलं, की सोबती कोण हे आंधळा मतदार ठरवतो. सोबत्यानं त्याच्या मनातलं बटण दाबायचं आणि ते कुणालाही सांगायचं नाही.

"मले इचाच भरोसा हाय," बाबा म्हणाले. हर्षानं तशी सही करून दिली.

पुठ्ठ्याच्या आडोशाला बाबा तिच्या कानाशी वाकले. "कपबशी."

आपण चुकीचं ऐकलं असं तिला वाटलं. "कोणतं, बाबा?"

"कपबशी."

छत्रीचं बटण त्याच्या वरचंच होतं. आवाज दोन्हींचा सारखाच येणार होता. बाबांना कधीच कळलं नसतं. हर्षानं कपबशीचं बटण दाबलं आणि त्यांचा हात धरून बाहेर आली.

मोजणीत दोघींना सारखीच मतं पडली. मग तहसीलमध्ये चिठ्ठी काढली आणि सीताबाईंचं नाव निघालं.

त्या संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता सरितानं विचारलं, "बाबानं तं आपल्यालेच देल्लं असंल न?"

"मले सांगता येत नाई, आई."

सरिताचे हात थांबले. "एका मतानं मी निवडून आली असती, हर्षा."

"मालूम हाय. पण मंग बाबाचं मत कुठी गेलं असतं?"

सरिता तांदळाचं सूप उचलून आत गेली. पुढचे कितीतरी दिवस ती हर्षाशी कामापुरतंच बोलत होती. हर्षाला ते लागायचं. कधी कधी तिला स्वतःचाच राग यायचा, पण दुसरं काय करायला हवं होतं, हे तिला सापडत नसे.

पुढे विधानसभेची निवडणूक आली. धानाची कापणी चालू होती, म्हणून बाबांचा मुलगा या वेळी घरीच होता. बापाला न्यायला तो तयार होऊन आला, तर बाबा म्हणाले, "तू राहू दे. हर्षाले बलाव."

मुलाचं तोंड उतरलं. कुंपणापलीकडून सरितानं ते ऐकलं.  मग घरात वळून म्हणाली, "हर्षा, बाबा वाट पाहून राह्यले. जा."