एका जागेसाठी आठ जण

परभणीतल्या त्या ऑफिसात शेळीपालनाच्या कामासाठी एक जागा होती आणि आम्ही आठ जण. सगळ्यांची मुलाखत एकदमच! अशा दोन मुलाखतींतून मी तोंड न उघडता ताडकळसला परतले होते. ही तिसरी. हीही गेली तर पुन्हा शेळ्यांमागं जायचं, असं मी ठरवूनच आले होते.

साहेबांनी विचारलं, "शेळीचं पोट फुगलंय, मालक डॉक्टरला बोलवत नाही. काय कराल?"

झालं, बाजार भरला. कुणी शिबिर घ्यायला लागलं, कुणी योजना सांगायला. साहेब कागदावर खुणा करत होते. आमच्या घरी जनावर आजारी पडलं की त्या दिवशी ज्यानं चारून आणलं, त्यानं आधी बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. त्या सवयीनं मी वाट बघत बसले, आता कुणीतरी विचारील, शेळी चारली कुणी? कुणी विचारलंच नाही.

शेजारी पाथरीची एक बाई होती. लेकरू आईकडं ठेवून आलेली. सगळ्यांत छान तीच बोलत होती. बोलता बोलता मध्येच थांबली आणि म्हणाली, "सर, या ताईला बोलू द्या की. मघापासून त्यांना काहीतरी सांगायचंय, कुणी बोलूच देईना."

सगळे माझ्याकडं वळले.

"ज्यानं चारली त्याला आधी विचारीन," मी म्हणाले. "सांडलेली ज्वारी खाल्ली का ओला घास, ते त्यालाच ठाऊक. पण तो मालकाला भिऊन सांगत न्हाई. एकदा खरं कळलं, शेळी दगावंल हे ध्यानात आलं की मालक सोताहून डॉक्टरला बोलावतो."

तासाभरानं माझं नाव पुकारलं. तिनं माझा हात दाबला, "लय चांगलं झालं, ताई," म्हणाली आणि पाथरीची गाडी पकडायला धावली.

आज मी त्याच ऑफिसात उमेदवार निवडायला बसते. एकेकाला बोलवा म्हणून दरवेळी भांडते, दरवेळी हरते. आठ जणांना एकमेकांवर ओरडायला लावून कसली पारख होते? माझं घर तिच्यामुळं उभं राहिलं, हे मी कधी विसरणार नाही. पण त्या दिवशी टेबलाच्या पलीकडं मी असते, तर आपलं बोलणं थांबवून दुसरीला बोलू देणाऱ्या तिला घेतलं असतं. मला नाही.