झाडूच्या पुढे ओमर

आमच्या शेजारच्या ओमरला बेल्जियममधल्या आमच्या ब्रुज गावातली निम्मी माणसं तोंडावरून ओळखू येत नाहीत, बुटांवरून येतात. सतराव्या वर्षी बापाबरोबर रस्त्यावर गुडघे टेकले, ते चौसष्टाव्या वर्षापर्यंत. आमच्या गावातले दगडी रस्ते त्याने वाळूत एकेक दगड ठोकून बसवले. कुणी हाक मारली की तो आधी टाचा बघणार, मग म्हणणार, "अरे, तू फान हाउत ना! डाव्या बुटाला नवा तळ लावून घेतलास वाटतं."

मला मात्र तो आवाजावरून ओळखतो. माझा आवाज बंद असा कधी नसतोच, त्याला मी काय करू!

मार्चमध्ये कुंपणापलीकडून त्याने सांगितलं, की ऑक्टोबरची मॅरेथॉन तो धावणार.

"कोण धावणार?" मी विचारलं.

"मी."

त्याची बायको गोडेलीव वाळत घातलेल्या चादरीआडून ओरडली, "रोझान, विचार त्याला! पाव आणायला कोपऱ्यापर्यंत जातो, तर वाटेत दोनदा बसतो हा माणूस!"

ओमर हसला नाही. म्हणाला, "नोव्हेंबरात डॉक्टर उजवा गुडघा कापून नवा बसवणार. शर्यतीच्या आधीच्या शुक्रवारी माझी नोकरी संपते. आयुष्यभर हे रस्ते मी रांगत पाहिले. एकदा उभ्याने बघायचेत. सगळे, एका दमात."

यावर चेष्टा सुचायला मला चक्क अर्धं मिनिट लागलं. "बरं," म्हटलं, "पण मागून मी येणार आहे, लक्षात ठेव."

कारण मॅरेथॉनची झाडूगाडी मी चालवते. एरवी ती हॉटेलांच्या चादरी नेणारी माझी पांढरी गाडी. त्या एका दिवशी तिच्या पाठीवर उभा झाडू बांधायचा आणि ठरलेल्या चालीने सगळ्यांच्या मागून जायचं. गाडीचं नाक ज्याच्या पुढे गेलं, त्याने मुकाट आत येऊन चादरींवर बसायचं. आणि बाजारचौकातली पांढरी रेषा झाडूने ओलांडली की शर्यत संपली. घड्याळात किती वाजले हे कुणी विचारत नाही.

ओमर उन्हाळाभर कालव्याकाठी धावला. धावला म्हणजे, बदकं त्याला ओलांडून जात होती. मी सायकलवरून जाताना विचारायची, "ओमर, पुढे चाललायस की मागे?" तो हात हलवायचा. आठवड्याला एक किलोमीटर वाढवत गेला. सप्टेंबरात माझे विनोद संपले आणि मी त्याच्यासाठी बाटलीत साखरेचं पाणी नेऊ लागले. हे गोडेलीवला सांगितलं नाही. माझं नाव खराब झालं असतं.

शर्यतीच्या रविवारी धुकं इतकं दाट होतं, की घंटाघराचं डोकं कुणीतरी पुसून टाकल्यासारखं दिसत होतं. घंटा मात्र वाजत होत्या, आकाशातून थेंब पडावेत तशा. तीन हजार माणसं त्या धुक्यात शिरली आणि त्यांच्या पायांचा आवाज पाण्यावरून लांब जात जात विरला. मागे उरले ते एक आजोबा, दोन बँकवाल्या बायका आणि ओमर. पंधराव्या किलोमीटरला आजोबा आत आले. अठ्ठाविसाव्याला बँकवाल्या. चादरींवर पडल्या आणि लगेच घोरू लागल्या.

मग ओमर आणि मी.

शर्यतीची शेपटी फार विलक्षण जागा असते. बँड गेलेला, पाणी देणारी मंडळी टेबलं मिटतायत, कागदी पेले वाऱ्यावर गोल गोल फिरतायत. आणि त्यात हा माणूस, मान वर करून, झोपेत चालल्यासारखा धावतोय. धुकं विरळ झालं होतं आणि घरांचे उंच त्रिकोणी माथे एकेक करून बाहेर येत होते. त्यांची उलटी चित्रं कालव्यात, आणि हंस त्या चित्रांमधून पोहत होते.

"रोझान!" ओमर मागे न बघता म्हणाला. "त्या दारावर देवदूत आहे!"

"साडेचारशे वर्षांपासून आहे."

"त्याच्या पायरीचे दगड मी तीनदा बसवलेत. त्याला पाय आहेत एवढंच माहीत होतं."

असं पुलापुलाला चाललं होतं. मी खिडकीतून काही बोलले नाही. मला गप्प राहता येतं हे मलाही त्या दिवशीच कळलं.

दीडच किलोमीटर राहिला होता. लेसवाल्यांच्या अरुंद गल्लीत ओमरच्या पायाखाली 'टक्' झालं. तो चार पावलं पुढे गेला. थांबला. मागे आला आणि त्याच दगडावर पुन्हा पाय ठेवला. टक्.

"ओमर," मी म्हटलं, "नाही हं. अजिबात नाही!"

"हलतोय."

"तीन हजार माणसं गेली त्यावरून, एकाला तरी कळलं का? चल! उद्या येऊन बसव."

"उद्या मी कोण?" तो म्हणाला. आणि गुडघ्यांवर बसला. "हा माझाच आहे. पहिल्या वर्षीचा. त्या दिवशी लक्ष वर होतं माझं."

त्याने बोट दाखवलं. वर एक खिडकी. गोडेलीव तेव्हा त्या खिडकीत लेस विणायला बसायची, हे साऱ्या गल्लीला ठाऊक आहे.

आता गाडीचं नाक त्याच्यापासून दोन हातांवर होतं. चाल ठरलेली. मी पुढे गेले असते तर ओमर चादरींवर. गाडी पुढे काढायला माझा पाय इतका जड कधी झाला नव्हता. पण तेवढ्यात त्याने माझ्या गाडीतला चाक बदलायचा लोखंडी दांडा मागून घेतला, दगड उपटला, मग त्याच्या शेजारचे दोन. रस्त्याला भोक!

फोन वाजला. पंच मिया. "रोझान, गाडी का थांबली?"

"रस्ता नाहीये."

"काय नाहीये?"

"रस्ता! काम चालू आहे. चाक अडकेल."

"रविवारी? काम कोण करतंय?"

"पालिकेचा माणूस," मी म्हटलं. शुक्रवारपर्यंत होताच तो. दोन दिवसांचं खोटं. एवढं चालतं.

ओमरने वाळू हातांनी सारखी केली. दगड ठेवला, कान लावला, दांड्याच्या डोक्याने तीन ठोके, पुन्हा कान. बँकवाल्या जाग्या होऊन मागच्या दारातून बघत होत्या. शेवटी तो म्हणाला, "सांध्यांत वाळू लोटायला काहीतरी दे."

मी खाली उतरले, दोरी कापली आणि झाडू त्याच्या हातात दिला. तो हळूहळू झाडत होता, पाहुणे यायच्या आधी दारापुढची पायरी झाडावी तसा. मग उठायला गेला, तर उजवा गुडघा उठेना. आम्ही तिघींनी ओढून उभा केला.

"दोरी कापलीय," मी म्हटलं. "झाडू बांधता येणार नाही. तूच घेऊन पळ. तो तुझ्या हातात आहे तोवर तुला झाडणार कोण?"

झाडूची काठी टेकत टेकत तो निघाला. मागे माझी गाडी, आता नुसती चादरींची.

चौकात कमान अर्धी उतरवली होती. मिया वही घेऊन रेषेवर उभी. ती नियमांची इतकी पक्की, की नवऱ्यालाही रांगेतून मागे पाठवेल. "थांब!" ती म्हणाली. "झाडू रेषेपार गेला की शर्यत संपते. आधी तू का आधी झाडू?"

ओमरने खाली पाहिलं. झाडू पाठीमागे धरला, शाळेत लपवलेली छडी धरावी तसा. उजवा पाय उचलून रेषेपलीकडे ठेवला. मग डावा. मग झाडू ओढून घेतला.

मियाने वाकून रेषा तपासली. मग वहीत लिहिलं: तीन हजार अकरावा. आणि खाली लिहिलं: शर्यत संपली.

समोर निळे बूट उभे होते. ओमर त्यांच्याकडे बघून हसला, आणि मग मान वर करू लागला. फार सावकाश.

"कुठे अडकला होतास?" गोडेलीवने विचारलं.

"तुझ्या खिडकीखाली."

सोमवारी मी त्या गल्लीतून गेले. कुणी बघत नाहीसं पाहून त्या दगडावर दोन्ही पायांनी उडी मारली. आवाज नाही. पुन्हा मारली. वरच्या खिडकीतून कुणीतरी विचारलं, "बाई, काही हरवलंय का?"