रेडिएटरातला भंडारा

माझं पहिलं मूल गेलं तेव्हापासून देवापुढे हात जोडायचे, पण मन मागेच राहायचं. सासूबाई बघतात म्हणून संध्याकाळी दिवा लावायचा, इतकंच. त्या दिवसांत जे घडलं ते चारचौघांत सांगायला मला अजून संकोच वाटतो. चौथीपर्यंत शिकले, तेवढ्या अक्षरांच्या जोरावर लिहून ठेवते.

तेव्हा आम्ही चाकणला राहायचो. कारखाने यायचे होते. पुण्याच्या रस्त्याला दोन्ही अंगांना नुसती शेतं. आमच्या ह्यांची एक जुनी मोटार होती, तिच्यातून ते भाड्याच्या सवाऱ्या न्यायचे. ती किती मैल धावली होती हे देवालाच ठाऊक, कारण मैल मोजणारा काटा आमच्याकडे येण्याआधीच बंद पडला होता. दुरुस्ती सगळी घरीच, अंगणात. हे मोटारीखाली आडवे व्हायचे आणि मी बाहेर बसून पाने द्यायची. रॉकेलमध्ये प्लग धुवायचे, सायकलच्या जुन्या ट्यूबमधून रबराच्या चकत्या कापायच्या. "मोठा दे," म्हणाले की कोणता पाना ते मला कळायचं. सासूबाई म्हणायच्या, "सून आणली का फिटर आणला, रं?" मी लाजून आत पळायची, पण मनातून मला ते काम फार आवडायचं. ह्यांच्या हाताला येणारा तेलाचा वास आठवला की आजही अंगण डोळ्यांपुढे उभं राहतं.

चैत्रात आमची कमल आजारी पडली. चार वर्षांची पोर. ताप, मान सुजलेली, श्वास घेताना घशातून घरघर यायची. गावातल्या डॉक्टरांनी बॅटरी लावून घसा पाहिला आणि म्हणाले, "घटसर्प आहे. इंजेक्शन पुण्याच्या दवाखान्यात मिळेल. आत्ताच्या आत्ता निघा." सकाळची एस.टी. निघून गेली होती. मोटारीचा रेडिएटर, म्हणजे पुढची पाण्याची जाळी, गळत होता. आदल्याच दिवशी ह्यांनी त्याला घरी कथलाचा डाख देऊन भोक बुजवलं होतं. तो टिकेल या भरवशावर आम्ही निघालो.

कुरुळी मागे पडली आणि पुढून वाफ उसळली. डाख सुटला होता. पाणी धारेनं रस्त्यावर चाललं होतं. मी कळशी घेऊन शेतातल्या मोटेवर धावले, पाणी आणलं. पण तापल्या इंजिनात गार पाणी एकदम घालता येत नाही, नाहीतर तेच तडकायचं. थांबणं भाग होतं. कमलचे ओठ निळसर दिसायला लागले होते. हे कपाळाला हात लावून म्हणाले, "हळद असती तर भोक बुजलं असतं. पाण्यात कालवून घातली की फुगून बसती. होती तेवढी मागल्या खेपेला संपली." जवळपास घर नव्हतं. मला रडूसुद्धा येईना.

तेवढ्यात चाकणच्या बाजूनं एक म्हातारी चालत आली. कपाळ पिवळंजर्द, काखेत कापडी पिशवी. निमगावच्या खंडोबाला जाऊन आली होती.

"काय झालं, गं बाई?"

मी पोरीकडे नि मोटारीकडे बोट दाखवलं. ह्यांनी पिशवीकडे पाहत चाचरत विचारलं, "आजी, भंडारा हाय का? हळदीचाच असतो न्हवं?"

"व्हय की. घरी खंडोबाची तळी भरायची हाय, त्यासाठी चाललाय."

मी घाबरून म्हटलं, "अहो, देवाचा भंडारा इंजिनात घालायचा?"

म्हातारी हसली. "अगं येडे, घोड्यावर बसणारा द्येव तो! त्याला मोटारीचं काय वावडं? चिमूटभर लेकराच्या कपाळाला लाव, बाकी वत त्या लोखंडाच्या पोटात."

"आणि तुमची तळी?"

"द्येव काय पळून जातोय व्हय? मी पुन्यांदा जाईन. तू लेकराकडं बघ."

तिनं पिशवी उलटी करून झटकली. ह्यांनी भंडारा कळशीत कालवला आणि इंजिन जरा निवल्यावर, ते पुन्हा चालू करून, हळूहळू ओतला. धार बारीक झाली, थेंब झाली, मग थेंबही थांबला. "बसा ना, आजी, सोडतो," हे म्हणाले. "मला काय घाई हाय? तुमी पळा," म्हणून ती पायवाटेनं शेतात उतरली. तिचं नाव विचारायचंही आम्हाला सुचलं नाही.

मोशीचा पूल, भोसरी, दापोडी; मोटार कुठे थांबली नाही. कमलला इंजेक्शन मिळालं. दुसऱ्या दिवशी तिनं पेज मागितली तेव्हा हे दवाखान्याच्या व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

पुढे रेडिएटर धुताना पिवळं पाणी निघालं. मी ते गटारात जाऊ दिलं नाही, आंब्याच्या बुंध्याशी ओतलं. हळदीनं गळती थांबते हे सगळ्या ड्रायव्हरांना माहीत असतं. यात देवाचं काय, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालत नाही. त्या म्हातारीला पुढे निमगावच्या जत्रेत दरवर्षी शोधलं. ती दिसली नाही, पण त्या निमित्तानं देवाच्या दारात जाणं मात्र सुटलं नाही.

मला आठवतो तो कुरुळीपासून पुण्यापर्यंतचा रस्ता. त्या वाटेवर मी नवस बोलले नाही, काही मागितलं नाही. पोर मांडीवर होती, मोटार चालली होती, आणि आता जे होईल ते त्याच्या हाती, असं म्हणून मी पहिल्यांदाच शांत बसून होते.