मनकर्णाबाईंनी घासलेली बंदूक

पैनगंगेपल्याडच्या तेलुगू मुलखात, जैनथजवळच्या त्या गावात मनकर्णाबाईंच्या घरी दोनच गोष्टी लखलखायच्या. देवघरातली समई आणि खुंटीवरची एकनळी बंदूक. बंदूक सासऱ्यांच्या वेळची, पिकातली रानडुकरं हाकलायला मिळालेल्या परवान्यावरची. आता परवाना नवऱ्याच्या, चंपतरावांच्या नावावर होता. ते वर्षातून एखादा बार आभाळात काढायचे. डुकरं जरा बाजूला व्हायची आणि पुन्हा जेवायला बसायची.

पण खंडेनवमीला तिचा मान मोठा. विळे, कोयते, कुऱ्हाडी यांच्या पंगतीत ती पाटावर बसायची, आणि तिला घासणं हे लग्न झाल्यापासून मनकर्णाबाईंचं काम. चिंच, राख, विटकरीची भुकटी. मागच्या अंगणात घासायला बसलं की घर हळूहळू दूर जायचं. पैनगंगेवरचं धुकं अंगणात उतरायचं. माहेरचं जांभळाचं झाड, गेलेली आई, पोटी कधी न आलेली लेक, सगळे शेजारी येऊन बसायचे. अंगठा आपला फिरत राहायचा. नळीच्या बुडाशी बारीक खाचांत काळा मळ हट्टानं बसलेला असे, तिथं त्या जास्त जोर लावत. बाईंना वाचता येत नव्हतं. तो बंदुकीचा नंबर आहे, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मग विधानसभेची निवडणूक लागली आणि ठाण्यातून निरोप आला, परवान्याच्या बंदुका जमा करा. यंदाचा दसरा बंदूक ठाण्यातच काढणार म्हणून बाईंना गलबलून आलं. लेक सासरी धाडावी तशी त्यांनी ती आधीच घासूनपुसून चकचकीत केली, कुंकू लावलं आणि पोचवायला स्वतः सोबत गेल्या.

ठाण्याच्या एसआय साहेबांनी परवाना हातात घेतला, बंदूक उजेडात धरली, आणि त्यांचा चेहरा बदलला. नंबराच्या जागी आरशासारखं लोखंड होतं, तेही ताजं घासलेलं.

"नंबर किसने मिटाया? ये जुर्म है, जेल होती है. और जिसके पास बंदूक, उसी ने मिटाया, कानून यही मानके चलता है."

चंपतरावांनी एकदा बायकोच्या अंगठ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं. ज्या माणसानं जन्मात साधा तांब्या घासला नाही, तो म्हणाला, "मैंने घिसा, साहब."

"खोटं बोलून राह्यले ते!" बाई पुढे झाल्या. "मी घासली. दरसाली मीच घासतो. मले काय ठावं त्यात आकडा हाये म्हनून?"

जवळच्याच गावच्या, मराठी जाणणाऱ्या हवालदारानं ते साहेबांना तेलुगूत सांगितलं. साहेबांना खरं वाटेना. तेव्हा बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, साहेबांच्या टेबलाच्या पितळी कडीवर ठेवलं आणि कसं ते दाखवू लागल्या. दाखवता दाखवता त्यांचे डोळे मिटले. ठाणं दूर गेलं, ओठ काहीतरी पुटपुटू लागले. हवालदारानं हाक मारली तेव्हा कडी सोन्यासारखी झाली होती. साहेबांनी कडीवर बोट फिरवून पाहिलं, त्यांना पटलं. तरी कायदा कायदा होता. बंदूक तपासणीला हैदराबादच्या प्रयोगशाळेत गेली.

त्या नवमीला पाटावर बंदुकीची जागा रिकामी राहिली. बाईंचा अंगठा शिवशिवत होता. चंपतराव जेलात गेले तर, एवढाच विचार त्या दिवसभर घासत बसायच्या.

थंडीत कागद आला. तिथल्या लोकांनी तेजाब, म्हणजे ॲसिड, लावताच पुसलेले आकडे, ठोकताना खोल दबलेल्या लोखंडाच्या आतून वर आले होते, आणि ते परवान्याशी जुळत होते. बंदूक चोरीची नव्हती, लपवण्यासारखं काही नव्हतं. गुन्हा न नोंदवता बंदूक परत मिळाली, त्या जागी नंबर नव्यानं ठोकून.

ऑटोत बंदूक मांडीवर घेऊन बाईंनी विचारलं, "काऊन खोटं बोलले वो तुमी तवा?"

चंपतराव बाहेर कापसाकडे बघत म्हणाले, "तुले नेलं असतं तं दसऱ्याले बंदूक कोन घासली असती?"

बाई हसल्या, आणि हसता हसता रडल्या. पुढल्या खंडेनवमीला त्यांनी सगळी नळी घासली. आकड्यांतला काळा मळ मात्र जसाच्या तसा ठेवला, आणि त्यावर कुंकवाचं बोट लावलं.