घाटावरची गाठीची डहाळी

आधीच सांगून ठेवतो... भूतखेत, देवदेवस्की, अंगात येणं, मी काहीच मानत नाई. माह्या बापानं दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव टोपल्यात भरून नदीत सोडले. मी त्या बापाचा पोरगा. शाळा म्हणाल तर चौथीपर्यंत. माही नात मोबाईलवर तुमचे अनुभव वाचून दाखवते अन् मी हसतो. आता माह्याच वाटेले एक आला, तर लिहून टाकतो. खोटं वाटलं तर वाटू द्या.

मी वडशाचा. जिंदगीभर राइस मिलमध्ये हमाली केली. तिथीच मनिराम भेटला — कोरचीकडच्या जंगलातला गोंड माणूस, हंगामाले कामाले यायचा. पुढं काम सुटलं, दोस्ती सुटली नाई. दर हिवाळ्यात तो आमच्याकडचं रातभराचं नाटक पाह्याले माह्याकडे यायचा, अन् मग आम्ही दोघं सायकलीनं त्याच्या गावी जायचो. सकाळी निघायचं, कुरखेडा, मग जंगल, मग घाट... दिवस बुडाच्या आत गाव.

घाटात लोकं उतरून सायकल ढकलत नेतात. मी उतरत नसो. ते जमलंच नाई मले कधी. दम लागला की मनिराम बाजूनं सायकल चालवत, एक हात माह्या पाठीवर ठेवून रेटत ने. बोलत काही नसे, नुसता रेटे.

माथ्यावर मोहाच्या झाडाखाली सुकल्या डहाळ्यांचा ढीग आहे. येणारा-जाणारा तिथी एक हिरवी डहाळी ठेवतो, अशी त्या लोकाईची रीत. मी कधी ठेवली नाई. मनिराम म्हणे, "देव नोहे रे बा तो. थकवा ठेवाची जागा आहे." मी म्हणे, माहा थकवा माह्यापाशीच राहू दे. मग तो दोन तोडे. एक त्याची, एक माह्या वाटची. माह्यावालीले तिचीच साल सोलून गाठ मारे. "ही आखडू माणसाची," म्हणे, "जागेले ओळखू आली पाह्यजे."

मागच्या पावसाळ्यात मनिराम गेला. पुलावरून पाणी होतं, रस्ता बंद. मातीले जाता आलं नाई.

हिवाळ्यात निरोप आला — त्याच्या नावाचा दगड उभा करणार आहेत. त्याईच्यात मेलेल्याच्या नावाचा दगड गावाबाहेर गाडतात, अन् जवळचा माणूस त्याले हात लावतो. मातीले हुकलो होतो. दगडाले हुकायचं नव्हतं. पोरगा म्हणे, "बाबा, एस.टी.नं जा ना. या वयात काऊन जीव काढून राह्यले?" मी म्हटलं, मनिरामच्या गावी मी कधी एस.टी.नं गेलो नाई.

कुरखेड्यात चहा घेतला. दोन सांगणार होतो, तोंडातून शब्द निघालाही... मग एकच घेतला. पुढं जंगलात बोलाले कोणी नाई. चेनचा आवाज तेवढा.

अर्ध्या घाटात छाती भरून आली. डोळ्यापुढं अंधारी. पायडल दबेना, सायकल मागं सरकाले लागली. वाटलं, झालं. आता इथीच पडतो, अन् तिकडे दगड माह्याबिगर उभा राह्यते.

तेव्हा पाठीवर हात टेकला.

दोन खांद्यांच्या मधात... तो ठेवायचा तिथीच. भर दुपार होती. अंगातल्या सदऱ्यातून त्या हाताचा गरमपणा लागला. सायकल वर निघाली. मी मागं पाह्यलं नाई. भेव नव्हतं. मागं पाह्यलं अन् कोणी नसलं तर — म्हणून नाई पाह्यलं. माथ्यावर आलो, हात गेला.

ढिगाकडे नजर गेली. सगळ्या डहाळ्या सुकलेल्या, वर एक हिरवी. मोडल्या जागी चीक ओला. तिले सालीची गाठ. आजूबाजूनं सारं पाह्यलं, ढीग हातानं चाळला. दुसरी नव्हती. माह्या वाटची होती, त्याची नव्हती.

दगडाले वेळेवर पोचलो. हात लावला. मनिरामच्या बायकोनं पाणी दिलं अन् विचारलं, "घाट कसा चढले भाऊ?"

मी म्हटलं, चढलो. सकाळून घाटाकडे कोणी गेलं होतं काय? तिनं नाई म्हणून मान हलवली. सारं गाव सकाळपासून दगडाच्याच कामात होतं. मग म्हणाली, "शेवटी शेवटी एकच धोशा होता त्याचा. म्हातारा घाटात सायकलीवरून उतरणार नाई, त्याले रेटन कोण?"



पोरगा म्हणते, थकव्यानं भास होते. होत असन. हाताचा भास होते, मानतो. डहाळीचं काय? मले सांगता येत नाई, त्यालेही आलं नाई. तुमच्यात कोणी शिकलेला असन तर सांगा, ऐकीन.

परतताना घाटमाथ्यावर थांबलो. ती डहाळी कोमेजली होती. मी जिंदगीत पहिल्यांदा एक तोडली, अन् मनिरामच्या वाटची तिच्या बाजूले ठेवली. हात नाई जोडले. गाठही नाई मारली... त्याची बिनगाठीचीच राहायची.