घटातली दादर

आमचा मका परदेशी जाऊ लागला तेव्हा आम्ही भलतेच फुशारलो. पारोळ्याकडच्या आमच्या वावरातला मका बंदरावर जातो आणि जहाजात चढतो, हे थोरला भाऊ पाहुण्यांना असं सांगायचा, जणू स्वतःच तो पोहोचवून आला आहे. मग खरिपात मका आणि रब्बीतही मकाच. आमची रब्बीची ज्वारी, दादर, सुटली ती सुटलीच.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तेव्हा दादरीच्या बियाण्याची कणसं चुलीवर टांगली. त्यांची आईही तशीच टांगायची; ते बी तिच्याच हातचं चालत आलेलं. धुरात बियाण्याला कीड लागत नाही.

पुढे ब्राझीलचा मका स्वस्त निघाला आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं. "आयत्या बिळावर नागोबा!" भाऊ चिडून म्हणाला. जणू ते बीळ आमच्या आजोबांनी खोदलं होतं! पोती पडवीत पडून राहिली. मला त्यांचा वाससुद्धा नकोसा झाला.

यंदा नवरात्राच्या तोंडावर आबा म्हणाले, "आते दादर पेरूत. मराना पहिले माले घरनी दादरनी भाकर खावानी शे."

ते हसत होते. 

कणसं खाली काढली तर किडीचा भुसा झडला. गॅस आल्यापासून ती चूल पेटलीच नव्हती, आणि हे आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. आईने त्यातले बरे दाणे निवडले. आमच्याकडे बी आधी घटात पाहतात. घटाभोवतीच्या मातीत उगवेल तेच वावरात जातं. तिने एका बाजूला दादर टाकली, दुसऱ्या बाजूला मका. आबा रोज देव्हाऱ्यापुढे वाकून बघायचे. मका तरारला. दादरीची बाजू काळीच राहिली.

"दुकानमातून बियाणानी पिशवी लई येसू, आबा," भाऊ म्हणाला.

"ते बी मनी मायना हातनं शे का?"



दसऱ्याला घटातले कोंब पुरुषांच्या टोपीत खोवतात. आबांनी सवयीने मान पुढे केली. आईकडे मक्याचेच कोंब होते. तिने तेच खोवले. आबांनी टोपी काढून कोंबांकडे पाहिलं आणि ती पुन्हा तशीच डोक्यावर ठेवली.

"मकाच पेर," ते भावाला म्हणाले.