पदराखालची वाटी

मी आणि आईनं एकाच दिवशी बाप्तिस्मा घेतला. मी लगेच तिचे सगळे उपास सोडवले. आता नियमानं नाही, कृपेनं जगायचं, असं तिला ऐटीत सांगितलं. आणि त्याच दमात नवे नियम लावले: प्रसाद खायचा नाही, हळदीकुंकवाला जायचं नाही.

पवनीजवळच्या आमच्या गावात धानाची रोवणी संपली की शेजारीण सत्यनारायण करते. त्या वर्षी आई अंथरुणाला खिळली होती, तिला जेवण जात नव्हतं. शेजारणीनं वाटीभर शिरा आणला. मी तो दारातूनच परत पाठवला.

आतून आई म्हणाली, "काहून वापस केलंस? येशूनं मले 'खाऊ नको' नाही म्हटलं. तूनं म्हटलं."

मी तिला बायबल वाचून दाखवलं. इतका मूर्ख होतो मी! तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. आठवड्याभरात ती गेली.

चर्चचे पाळक म्हणतात, देवानं क्षमा केली, ती फुकट आहे, घे. मला घेता येत नाही. त्या क्षमेसाठीही मी दर शुक्रवारी कडक उपास करतो.

शेजारीण अजून सत्यनारायण करते. आमच्या दारावरून जाताना हातातली वाटी पदराखाली झाकते.